वेताळ, गोरिला आणि वकिलाची नोटीस

गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या तयारीची पहिली बैठक आमच्या घरी, अल खुवैरला झाली. चहा झाला, चिवडा संपला, वर्गणीचे बोलून झाले. मग नेहमीचा प्रश्न आला : आनंदमेळ्यात या वर्षी नवीन काय? वडापाव, भेळ आणि 'अचूक नेम साधा' यांना मुले कंटाळली होती. तेवढ्यात आमची चौदा वर्षांची कन्या लॅपटॉप घेऊन बाहेर आली आणि तिने स्वतः तयार केलेला व्हिडिओ गेम मंडळींना दाखवला.

गेमचा नायक होता वेताळ. तोच तो, डोळ्यांवर मुखवटा, कमरेच्या पट्ट्यावर कवटी, पांढरा घोडा. माझ्या वडिलांनी बांधून ठेवलेल्या इंद्रजाल कॉमिक्सच्या गठ्ठ्यातून तिने तो उचलला होता. फक्त जंगलाऐवजी तो ओमानमधल्या वादीतून दौडत होता, खजुराच्या बागा ओलांडत होता आणि अचानक आलेल्या पुरातून वाट काढत होता. मंडळी खूश झाली. एका उत्साही सभासदाने लगेच ठरवूनही टाकले : एका डावाला ५०० बैसा, आणि उत्सवानंतर गेम मंडळाच्या नावाने मोबाइलवर सगळ्यांसाठी विकायला ठेवायचा.

मी म्हणालो, "थांबा. हे करता येणार नाही."

पाहुणे गेल्यावर कन्येने विचारले, "का नाही? प्रोग्रॅम मी लिहिला. चित्रं मी काढली. आणि बाबा, तू लहानपणी ज्या कॅसेटवर खेळायचास, ती तरी खरी होती का?"

प्रश्न बिनतोड होता. आमच्या लहानपणी 'नव्व्याण्णव हजार गेम एकात' असे लिहिलेली कॅसेट मिळायची. आत खरे गेम पाचसहाच असत, आणि त्यांच्यापैकी एकाचाही पैसा मूळ मालकापर्यंत पोचत नसे. तिला नुसते 'कायदा आहे' असे सांगून भागले नसते. म्हणून मी या विषयाचा इतिहास वाचायला घेतला. कॉमिक्सवाले आणि व्हिडिओ गेमवाले यांच्या भांडणाला चाळीस वर्षांहून अधिक काळ झाला आहे, आणि त्यात आपल्या मुलांनी जाणून घ्यावे असे बरेच काही आहे.

तीन गोष्टींचा घोळ

आधी एक घोळ निस्तरू. कल्पना, कॉपीराइट आणि ट्रेडमार्क या तीन गोष्टी आपण एकाच पिशवीत कोंबतो.

समजा, एखाद्या गावात एका बाईंनी खानावळ काढली. 'जेवणाच्या शेवटी गोड पदार्थ द्यायचा' ही झाली कल्पना. ती कोणाच्याच मालकीची नसते. बाईंनी लिहिलेले आणि छापलेले पाककृतींचे पुस्तक, त्यातली वाक्ये आणि चित्रे, ही त्यांच्या कॉपीराइटमध्ये येतात. दारावरची पाटी हा ट्रेडमार्क. पाटीचे काम एवढेच, की गिऱ्हाइकाची फसगत होऊ नये. कॉपीराइट ठरावीक वर्षांनी संपतो. पाटी मात्र दुकान चालू असेपर्यंत आणि तिची नोंदणी वेळच्या वेळी नवी केली जात असेपर्यंत टिकू शकते.

कॉमिक्सचा नायक या दोन्ही कुंपणांच्या आत उभा असतो. त्याचे चित्र आणि त्याची गोष्ट कॉपीराइटमध्ये, त्याचे नाव आणि छातीवरचे चिन्ह ट्रेडमार्कमध्ये. पण 'मुखवटा घालून दुर्जनांना धडा शिकवणारा वीर' ही कल्पना मोकळीच. कल्पना कुठे संपते आणि चित्र कुठे सुरू होते, यावरच वकिलांची घरे चालतात.

खलाशी मिळाला नाही म्हणून गोरिला

पहिली मोठी गोष्ट १९८१ची. जपानच्या निन्टेंडो कंपनीने 'रडार स्कोप' नावाचे पेटीतले गेम अमेरिकेला पाठवले होते. साधारण तीन हजार पेट्या गेल्या, त्यातल्या सुमारे दोन हजार विकल्याच गेल्या नाहीत. त्या पेट्यांत घालायला दुसरा गेम हवा होता. ते काम शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराकडे आले.

त्याच्या डोक्यात होता पॉपाय. १९२९मध्ये ई. सी. सीगर यांनी वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत आणलेला, पालक खाऊन बळ मिळवणारा खलाशी. पॉपाय, त्याची प्रेयसी ऑलिव्ह आणि आडदांड ब्लूटो असे त्रिकूट ठरले होते. पण पॉपायचे हक्क किंग फीचर्स या अमेरिकन संस्थेकडे होते आणि त्या वेळी ते मिळाले नाहीत. तेव्हा मियामोतोने त्रिकूट तेच ठेवून माणसे बदलली. ब्लूटोच्या जागी गोरिला आला, ऑलिव्हच्या जागी एक तरुणी आणि पॉपायच्या जागी टोपीवाला, मिशीवाला सुतार. गेमचे नाव 'डाँकी काँग'. सुताराचे नाव पुढे मारिओ पडले, तेही कंपनीच्या अमेरिकेतल्या गोदामाचे मालक मारिओ सेगाली यांच्यावरून. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गेम-नायकाचा जन्म असा एका न मिळालेल्या परवानगीतून झाला. हे वाचले तेव्हा मला प्रथम वाटले की कन्येला सांगायला काहीतरी सापडले.

गेम तुफान चालला. चालला म्हटल्यावर वादी हजर झाला. आपल्याकडे ओमानमध्ये वादी म्हणजे एरवी कोरडे असणारे नदीचे पात्र, पाऊस पडला की त्यातून अचानक लोंढा येतो. कोर्टातल्या वादीचेही तसेच. पैशाचा पाऊस पडेपर्यंत तो कोरडा असतो. १९८२मध्ये युनिव्हर्सल या बड्या चित्रपट कंपनीने दावा केला, की 'काँग' आमचा, 'किंग काँग'चे नाव आमचे. घरी खेळायच्या आवृत्तीचे हक्क घेतलेली कोलेको ही कंपनी घाबरली आणि विक्रीवर टक्केवारी द्यायला तयार झाली. निन्टेंडोने मात्र लढायचे ठरवले. त्यांचे वकील होते जॉन कर्बी.

कर्बी यांनी जुनी दप्तरे उघडली. १९७०च्या दशकात 'किंग काँग'चा नवा चित्रपट काढायचा होता, तेव्हा याच युनिव्हर्सलने कोर्टात सांगितले होते, की किंग काँगची मूळ कथा आता कोणाच्याच मालकीची नाही, ती सार्वजनिक झाली आहे. तेव्हा फुकट हवा होता म्हणून काँग सर्वांचा, आणि आता पैसे दिसले म्हणून आमचा! न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी १९८३मध्ये निन्टेंडोच्या बाजूने निकाल दिला. दोन्ही गोरिलांमध्ये गिऱ्हाइकाचा गोंधळ होणार नाही, असेही कोर्टाने म्हटले. १९८४मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल कायम केला आणि १९८५मध्ये युनिव्हर्सललाच १८ लाख डॉलर भरावे लागले. निन्टेंडोच्या पुढच्या एका गोल गुलाबी नायकाचे नाव 'कर्बी' आहे, त्यामागे या वकिलांचाही वाटा आहे.

आणि पॉपाय? त्याचे हक्क निन्टेंडोला पुढे रीतसर मिळाले आणि १९८२मध्ये त्याचाही गेम आला. १९८३च्या जुलैमध्ये जपानमध्ये 'फॅमिकॉम' हे घरगुती यंत्र निघाले, तेव्हा त्याच्याबरोबर पहिल्या दिवशी विकायला आलेल्या तीन गेमांत एक पॉपाय होता, उरलेले दोन डाँकी काँग घराण्यातले.

हिरवा धिप्पाड गडी कोणी बनवला?

दुसरी गोष्ट माझ्या धंद्याच्या फार जवळची आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

२००४च्या एप्रिलमध्ये 'सिटी ऑफ हीरोज' नावाचा गेम आला. क्रिप्टिक स्टुडिओज या कंपनीने तो बनवला होता आणि कोरियातल्या एनसीसॉफ्टने बाजारात आणला होता. हजारो लोक इंटरनेटवरून एकाच वेळी त्या नगरात शिरत आणि प्रत्येकाला आपापला महावीर घडवता येई. अंगाचा रंग, दंडांची जाडी, मुखवटा, झगा, शक्ती, सगळे आपण निवडायचे. आमच्या भाषेत सांगायचे तर कंपनीने मूर्ती विकल्या नव्हत्या, साचे आणि रंग विकले होते. पेणच्या कारखान्यातून गणपती आणायचा की शाडू आणून घरी करायचा, एवढाच फरक.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मार्व्हल कॉमिक्सने कॅलिफोर्नियात दावा लावला. म्हणणे असे, की या साच्यांतून कोणीही आमचा हिरवा धिप्पाड हल्क किंवा पंजांतून नख्या काढणारा वुल्व्हरीन बनवू शकतो, आणि लोक बनवतातही. म्हणजे दोष साचा देणाऱ्याचा. कंपनीचे उत्तर होते, की दुसऱ्यांच्या नायकांची नक्कल करू नये हे आमच्या नियमांतच लिहिले आहे.

हा प्रश्न नवा नव्हता. १९७०च्या दशकात सोनीने घरी चित्रपट टिपून घेणारा व्हिडिओ रेकॉर्डर काढला, तेव्हा पुन्हा आपल्या ओळखीच्या युनिव्हर्सलने आणि डिस्नेने सोनीवर खटला भरला होता. १९८४च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सोनीला सोडले : ज्या यंत्राचा सरळ उपयोगही भरपूर आहे, ते विकणे हा गुन्हा नाही. हा निकाल उलटा लागला असता, तर आखातातून गावी जाणाऱ्या किती जणांच्या सामानातले ते जडशीळ खोके कमी झाले असते, कोण जाणे!

मार्व्हलच्या खटल्यात २००५च्या मार्चमध्ये एक मौज झाली. पुरावा म्हणून मार्व्हलने गेममधल्या नक्कल-नायकांची चित्रे जोडली होती. त्यांतली काही चित्रे मार्व्हलच्याच माणसांनी गेममध्ये शिरून, स्वतः बनवून घेतलेली निघाली. स्वतःच्या नायकाची नक्कल मालकानेच केली, तर ती चोरी कशी? न्यायाधीशांनी ती चित्रे पुराव्यातून काढून टाकली आणि ट्रेडमार्कचे काही मुद्देही फेटाळले. कॉपीराइटच्या सगळ्या मुद्द्यांचा मात्र निकाल लागला नाही. खेळणाऱ्याच्या नकलेला कंपनी किती जबाबदार, हा मूळ प्रश्न उभाच राहिला. डिसेंबर २००५मध्ये दोन्ही पक्षांनी तडजोड केली. अटी गुप्त राहिल्या, पण साच्यांमध्ये काही बदल करावा लागला नाही, एवढे कळले.

इंजिनिअर म्हणून मला यात हळहळ वाटते ती निकाल न लागल्याची. मोठे पक्ष आपसांत मिटवतात तेव्हा मागे नियम उरत नाही. छोट्या माणसाला पुढच्या वेळी पुन्हा अंधारातच चाचपडावे लागते.

सोयरीक आणि काडीमोड

भांडणांपेक्षा सोयरिकी जास्त झाल्या, हेही सांगायला हवे. १९९४मध्ये जपानच्या कॅपकॉमने मार्व्हलचे हक्क रीतसर घेऊन 'एक्स-मेन'चा मारामारीचा गेम काढला. त्याच वर्षी अक्लेम या गेम कंपनीने व्हॅलिअंट ही कॉमिक्सची कंपनीच साडेसहा कोटी डॉलरला विकत घेतली. नायकांच्या मागे धावण्यापेक्षा त्यांचे घरच घेतलेले बरे! त्यातून १९९७मध्ये 'तुरोक' हा गेम निघाला आणि गाजलाही, पण २००४मध्ये अक्लेमच बुडाली.

कॅपकॉम आणि मार्व्हलचा संसारही धड चालला नाही. 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २' हा २०००चा लाडका गेम इंटरनेटवरून विकत घेता येत असे. हक्कांची मुदत संपली आणि २०१३च्या अखेरीस तो दुकानांतून नाहीसा झाला. पुन्हा उजेडात यायला २०२४ उजाडले. छापलेले कॉमिक कपाटात पन्नास वर्षे राहते, माझ्या वडिलांचा गठ्ठा साक्षीला आहे. पण परवान्यावर उभा असलेला गेम परवान्याबरोबर जातो.

मालकीचा अतिरेक कसा होतो, याचेही एक उदाहरण आहे. 'सुपर हीरोज' हे शब्दच मार्व्हल आणि डीसी या दोन प्रतिस्पर्ध्यांनी मिळून अमेरिकेत ट्रेडमार्क म्हणून कित्येक वर्षे नोंदवून ठेवले होते. २०२४मध्ये एका छोट्या कंपनीने आव्हान दिले. या दोन बलाढ्य मालकांनी मुदतीत उत्तरच दिले नाही, आणि सप्टेंबरमध्ये त्या नोंदी रद्द झाल्या.

आपल्याकडे

भारतात कॉमिक्स आणि व्हिडिओ गेम यांच्यात असा गाजलेला सामना मला माहीत नाही, पण त्याची दोन अर्धुके आहेत. नव्वदच्या दशकात दिल्ली उच्च न्यायालयात 'नागराज' आणि 'नागेश' समोरासमोर आले. राजा पॉकेट बुक्सचा नागराज १९८६पासून मुलांच्या हातात होता. दुसऱ्या प्रकाशकाने सापांशीच नाते असलेला नागेश आणला. दोन्ही नावांचा अर्थ एकच, सापांचा राजा. कोर्टाने नागराजच्या बाजूने मनाई हुकूम दिला.

दुसरे अर्धुक गेमचे. कोलकात्याच्या अगरवाला बंधूंनी 'स्क्रॅब्युलस' नावाचा शब्दांचा खेळ इंटरनेटवर आणला, तो जगभर पसरला. 'स्क्रॅबल'चे हक्क असलेल्या मॅटेलने दिल्लीत दावा लावला. सप्टेंबर २००८मध्ये उच्च न्यायालयाने दिलेला अंतरिम आदेश आमच्या वरच्या खानावळीसारखाच आहे : खेळाचे नियम आणि पट यावर कॉपीराइट मान्य केला नाही, पण नाव फसवे आहे, ते वापरू नका. बंधूंनी नाव बदलून 'लेक्स्युलस' केले.

आणि आपले मराठी नायक? चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१मध्ये 'सकाळ'मध्ये आला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे त्याच्या कितीतरी आधीचा. भागवत २००१मध्ये गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट राहतो, म्हणजे त्यांच्या पुस्तकांवर तो २०६१च्या अखेरपर्यंत आहे. 'आपलाच आहे, कोण विचारतो' असे म्हणत आपण स्मरणिकेवर आणि बॅनरवर चिंटू छापतो, तेव्हा तो कोणाच्या तरी पोटाचा प्रश्न असतो, हे आपल्याला आठवत नाही.

आता एक कबुली. २००३मध्ये मी पुण्यात एका लहानशा कंपनीत होतो. आम्ही सातजण मोबाइलवरचे छोटे गेम करत असू. वर्षभरापूर्वीच भिंतींवर चढणाऱ्या एका नायकाचा चित्रपट आला होता. आमच्या मालकांनी तसाच एक गडी मागितला. मी लाल पोशाख निळा केला, जाळ्याऐवजी दोर दिला आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. नाव मात्र दोन अक्षरे बदलून तेच ठेवले, कारण 'नावावरच खपतो.' गेम खपला. मग एक दिवस इंग्रजीतले तीन पानी पत्र आले. गेम मागे घ्यावा लागला, येणे असलेले पैसे अडकले आणि दिवाळीपूर्वी ती कंपनी बंद झाली. मी अविवाहित होतो, पुढे शिकायला गेलो, पीएच.डी. झालो. आमच्यातल्या एकाचे नुकतेच लग्न झाले होते आणि घराचा हप्ता सुरू झाला होता. रंग मी बदलला होता, पाटी बदलली नव्हती. हे मला त्या वेळी कोणी सांगितले नाही, आणि मीही कोणाला विचारले नाही.

आणि ओमानात?

इथले जुने रहिवासी सांगतात, की एके काळी रुवीत हव्या त्या चित्रपटाची कॅसेट आणि हवे ते सॉफ्टवेअर अर्ध्या रियालात मिळे. ते दिवस कायद्याने संपवले. कॉपीराइटचा पहिला ओमानी कायदा १९९६चा. १९९९मध्ये ओमान बर्न करारात सामील झाला, २०००मध्ये जागतिक व्यापार संघटनेत. त्याच वर्षी नवा कायदा आला. आज लागू असलेला मूळ कायदा शाही फर्मान क्रमांक ६५/२००८ हा आहे, आणि त्यात मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षांची आहे. या बदलाला अमेरिकेशी झालेल्या मुक्त व्यापार कराराची पार्श्वभूमी होती. तो २००६मध्ये झाला आणि २००९च्या १ जानेवारीपासून अमलात आला. ट्रेडमार्कसाठी आखाती देशांचा सामाईक कायदा २०१७मध्ये इथे लागू झाला. म्हणजे मस्कतमध्ये बसून न्यूयॉर्कच्या मालकाचा नायक वापरला, तर तो 'परदेशातला' म्हणून मोकळा नसतो. आपण इथे कंपनीच्या व्हिसावर राहणारी माणसे. कागदपत्रांच्या बाबतीत आपल्याला एरवीही बेफिकीर राहता येत नाही.

परवानगी घेऊन काम करणारेही याच भागात होऊन गेले. १९६४मध्ये बैरूतहून अरबी सुपरमॅन निघू लागला, त्यात क्लार्क केंटचे नाव नबील फौझी झाले. आपले इंद्रजालही त्याच वर्षीचे. टाइम्स ऑफ इंडियाने मुंबईहून ते सुरू केले आणि १९९०पर्यंत चालवले. त्यातला ली फॉक यांचा 'फँटम', म्हणजे आपला वेताळ, हाही किंग फीचर्सचाच. आपल्या आजीच्या गोष्टींतला वाटणारा वेताळ खरे तर परवान्यावर आपल्या घरी आलेला पाहुणा होता.

मग वेताळाचे काय झाले?

हे सगळे मी कन्येला तीन संध्याकाळी सांगितले. तिने हिशेब केला. ली फॉक १९९९मध्ये गेले, म्हणजे ओमानच्या मुदतीने २०६९च्या अखेरपर्यंत थांबायचे. "तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची असेन," ती म्हणाली. पॉपायची १९२९ची पहिली चित्रे अमेरिकेत २०२५च्या १ जानेवारीला सार्वजनिक झाली, हे कळल्यावर तिचे डोळे क्षणभर चमकले. पण पालक खाणारा खलाशी वादीत काय करणार? शिवाय त्याच्या नावाच्या पाटीचा प्रश्न होताच.

तिच्या मनातले दुसरे दुःख मात्र मी पुसू शकलो नाही. ती म्हणाली, "आजोबांचा वेताळ होता म्हणून मी केला होता, बाबा. विकायचं तर तुम्ही लोकांनी काढलंत." त्यात तथ्य होते. घरात, हौसेसाठी, आजोबांना दाखवायला केलेली नक्कल आणि ५०० बैसा लावून मंडळाच्या नावाने विकलेली नक्कल यांत फरक आहे, आणि तो फरक आम्ही मोठ्यांनी पुसला होता. म्हणून जुना गेम आम्ही खोडला नाही. तो घरच्या संगणकावर आहे, आणि सांगलीला गेलो की आजोबा त्यावर खेळतात व नेहमी पुरात बुडतात.

आनंदमेळ्यासाठी तिने नवीन गेम केला. घोडा गेला, मुखवटा गेला, कवटी गेली. आता एक मुलगी आहे, नऊवारी नेसलेली, डोक्यावर पाण्याची घागर घेऊन अफलाजच्या काठाने खजुराच्या बागेतून धावणारी. डोंगरातून पाणी आणणारे हे ओमानचे प्राचीन पाट आणि आपली पाणी भरणारी बाई, दोन्ही तिच्या ओळखीची. पाणी सांडले की गुण कमी. वेताळाइतका तो देखणा नाही, पहिल्या दिवशी दोनदा बंदही पडला. दोन दिवसांत ४१ रियाल जमले, ते मंडळाच्या पुस्तकपेढीला दिले.

उत्सवानंतर एका सभासदाने विचारले, की ही घागरवाली आपण पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर छापली तर चालेल का? मी काही बोलण्याआधी कन्या म्हणाली, "चालेल, काका. पण आधी मला लेखी विचारा."